वाटेवरील घरटे

(शास्त्रवाचन : अनुवाद २२:६-७, यिर्मया ५:२६-२७, मत्तय १०:२९-३१)

मोशेच्या पुस्तकांत मोठमोठ्या आज्ञा आहेत आणि त्या आम्हांस लहानपणापासून पाठ आहेत. त्यांच्या गर्दीत एक लहानशी आज्ञा उभी आहे, जिच्याकडे पुष्कळ वर्षे आमचे लक्ष गेले नाही. वाटेने जात असता झाडावर किंवा भुईवर पाखराचे कोटे दिसले आणि आई आपल्या अंड्यांवर किंवा पिलांवर बसलेली आढळली, तर आईला पिलांसकट धरू नये, तिला जाऊ द्यावे, असे तीत सांगितले आहे. एवढे सांगून देव थांबला नाही. असे वागणाऱ्याचे कल्याण होईल व त्यास दीर्घायुष्य लाभेल, असे अभिवचनही त्याने तिला जोडले. वाचकहो, हे अभिवचन आपण आणखी कोठे ऐकले आहे? त्याच पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेबरोबर. ज्या तोंडाने देवाने आम्हांस आमच्या आईचा मान राखावयास सांगितले, त्याच तोंडाने आणि तेच बक्षीस पुढे करून त्याने पाखराच्या आईची गय करावयास सांगितले.

यहूदी शास्त्री हिला हलक्यांतली हलकी आज्ञा समजत. मिश्ना नावाचा त्यांचा जो जुना ग्रंथ आहे, त्यात हिच्याविषयी असा विचार आला आहे की, जी पाळण्यात फार तर एका इस्साराचे नुकसान, अशा आज्ञेला जर दीर्घायुष्याचे अभिवचन आहे, तर भारी आज्ञांचे फळ केवढे असेल! इस्सार हे तांब्याचे हलके नाणे होते. आमच्या प्रभूने दोन चिमण्यांचा भाव सांगताना ज्या नाण्याचे नाव घेतले, ते हेच. ग्रीक मुळात त्यास अस्सारिओन म्हटले आहे, आणि आमच्या मराठी शास्त्रात दमडी. लूकाच्या बाराव्या अध्यायात हाच भाव पाच चिमण्यांना दोन दमड्या असा पडतो. म्हणजे चार घेतल्या की पाचवी वर. आठवडे बाजारास जाणाऱ्या आमच्या भगिनींस हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. जी पाचवी मापात धरलीच नाही, तिचाही पित्यास विसर पडत नाही, असे प्रभूचे म्हणणे आहे.

तर आता आमच्या वाटेवर कोणते पाखरू आहे? नांदेड व लातूर ह्या जिल्ह्यांत राहणाऱ्या कोणाही मनुष्याने पहाटे किंवा दिवस मावळताना अंगणात उभे राहून वर पाहिले, तर हिरव्या बाणांसारखा एक थवा कर्कश ओरडत डोक्यावरून निघून जाताना त्यास दिसेल. हा राघू होय. कोणी त्यास रावा म्हणतो, कोणी पोपट, कोणी कीर. घराघरांतील मुले मिठू म्हणतात. गोदावरीच्या काठच्या पिंपळांवर, लातूरकडच्या कडुनिंबांवर, शाळेच्या, कचेरीच्या, गावच्या पाराच्या झाडांवर तो राहतो. त्याला रानात जाऊन शोधावे लागत नाही. पवित्र शास्त्रात त्याचे नाव सापडत नाही. शलमोनाच्या तारवांनी हस्तिदंत, वानरे व मोर आणल्याचे पहिल्या राजांच्या दहाव्या अध्यायात आहे, पण राघूविषयी काही नाही. तथापि एकशे चौथ्या स्तोत्रात जी पाखरे ओढ्यांच्या काठी फांद्यांमध्ये गातात, त्यांत आमच्या राघूलाही जागा आहे, असे मानावयास आम्हांस हरकत दिसत नाही. त्याचा आवाज गाण्यात मोडतो की नाही, हा प्रश्न वेगळा.

ज्या वाचकांनी ह्या पाखरास पिंजऱ्याबाहेर कधी नीट न्याहाळले नसेल, त्यांनी येत्या माघ-फाल्गुनात थोडा वेळ काढावा. नराच्या गळ्याभोवती काळी व गुलाबी कंठी असते. मादीला ती नसते. आणि नराच्या पिलालाही ती लगेच येत नाही, तिला सुमारे तीन वर्षे लागतात. पायाची दोन बोटे पुढे व दोन मागे असतात, म्हणून तो पेरूची फोड हातात धरल्यासारखी धरून खातो आणि चोचीचा तिसऱ्या पायासारखा उपयोग करून फांदीवर चढतो. मिरची त्यास गोड लागते अशी आपली समजूत आहे. खरे पाहता मिरचीतील तिखटपणा पाखरांना जाणवतच नाही. तो चिमणीसारख्या काड्या गोळा करून कोटे बांधीत नाही. सुतार पक्ष्याने किंवा तांबटाने कोरलेली, नाहीतर फांदी मोडून कुजून पडलेली जुनी ढोली तो शोधतो, चोचीने कुरतडून ती मोठी करतो आणि तीत मादी चारपासून सहापर्यंत पांढरी अंडी घालते. सुमारे तीन आठवडे ती अंड्यांवर बसते आणि त्या दिवसांत नर बाहेरून चारा आणून आपल्या चोचीतून तिच्या चोचीत घालतो. पिले आंधळी व उघडी जन्मतात. त्यांस पंख फुटून ती बाहेर पडेपर्यंत आणखी सहा-सात आठवडे जातात. म्हणजे एका ढोलीत हे कुटुंब जवळजवळ अडीच महिने कोंडून घेऊन बसलेले असते. त्या अडीच महिन्यांत ज्याचा हात ढोलीत जातो, तो आईसह सर्वांस एकदम धरू शकतो. मोशेच्या आज्ञेत सांगितलेली अवस्था हीच.

आम्ही आता आमची स्वतःची गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्यास बोध करण्यापूर्वी ती सांगणे योग्य आहे.

आम्ही सुमारे नऊ वर्षांचे होतो. त्या काळी आठवडे बाजारात राघूची पिले टोपलीत घालून उघड विकीत असत. आमच्या वडिलांनी एक पिलू घेतले व तारेचा पिंजरा घेतला. आम्ही त्यास प्रभूचे नाव घ्यावयास शिकविले. सहा महिन्यांत ते ‘प्रभूची स्तुती’ हे दोन शब्द इतके स्पष्ट बोलू लागले की, उपासनेहून परतणारी माणसे आमच्या ओसरीपाशी थांबत, हसत आणि आमची पाठ थोपटीत. शब्बाथशाळेत आम्ही सुवर्णवचने घडाघडा म्हणून दाखवीत असू आणि घरी आमचा राघू म्हणून दाखवीत असे. अर्थ दोघांसही सारखाच कळत होता. पुढे वैशाखात दुसऱ्या गावी मंडळ्यांची तीन दिवसांची सभा भरली. पिंजऱ्यात पाणी भरून ठेवण्याचे काम आमचे होते. आम्ही नवे कपडे घालून घाईघाईने बैलगाडीत बसलो. चौथ्या दिवशी परत आलो तेव्हा पाण्याची वाटी कोरडी होती आणि राघू पिंजऱ्याच्या तळाशी पडला होता. आमच्या आईने आम्हांस मारले नाही. तिने त्यास कापडात गुंडाळून परसात पुरले आणि पिंजरा माळ्यावर टाकून दिला. ती काहीच बोलली नाही, हे आज चाळीस वर्षे होत आली तरी आम्हांस आठवते.

कोणी म्हणेल, ते तर एका मुलाचे विस्मरण होते. होय, पाणी विसरणे हे विस्मरण होते. परंतु जे पाखरू स्वतः उडत जाऊन नदीवर पाणी पिऊ शकले असते, ते एका नऊ वर्षांच्या मुलाच्या आठवणीवर जगावे, अशी तजवीज आम्ही मोठ्या आनंदाने केली होती. ते विस्मरण नव्हते.

इतके ठाऊक असून गेल्या वर्षी आम्ही दुसऱ्यांदा चुकलो. आमच्या मंडळीतील एका घरी लहान मुलगा बरेच दिवस तापाने आजारी होता. आम्ही प्रार्थनेसाठी गेलो. मुलाच्या खाटेशेजारी स्टुलावर पिंजरा होता व त्यात राघूची दोन पिले होती. त्यांच्या पंखांची मोठी पिसे कातरलेली होती. मुलाचे मन रमावे म्हणून बापाने ती कोणाकडून तरी घेतली होती. मुलगा त्यांच्याकडे पाहून हसत होता, बाप मुलाकडे पाहून हसत होता, आणि आम्ही प्रार्थना केली, चहा घेतला व उठून आलो. एक शब्दही आमच्या तोंडून निघाला नाही. आजारी मुलाच्या घरात कायद्याची व मोशेची भाषा कोण बोलेल, असे आम्ही आपल्या मनाला सांगितले. वाचकांतील किती पाळकांनी व वडील मंडळींनी असाच चहा घेतला असेल, हे त्यांचे त्यांस ठाऊक.

त्या रात्री यिर्मयाचे पाचवे प्रकरण वाचनात आले. त्यात संदेष्टा म्हणतो की, पारधी टपून बसतो तसे काही लोक सापळे मांडून माणसांस धरतात, आणि पिंजरा जसा पाखरांनी भरावा तशी त्यांची घरे कपटाने भरली आहेत. आम्ही हे वचन पूर्वी सेमिनरीत अभ्यासले होते, त्यावर परीक्षेत उत्तरही लिहिले होते. पण संदेष्ट्याने लबाडीने भरलेल्या घरास उपमा द्यावयाची म्हणून पाखरांनी भरलेला पिंजराच का निवडला, हे तेव्हा आमच्या मनात आले नव्हते. पिंजऱ्यात लबाडी आहे ती अशी : आपण त्यास प्रेम म्हणतो. पाखरू आमचे झाले, आमच्या हातून खाते, आमची भाषा बोलते, असे आपण म्हणतो. आणि ज्या ढोलीतून ते काढले, जेथे आई चारा घेऊन परत आली, त्या ढोलीचा विचार आपण करीत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता आमच्यापैकी पुष्कळांनी शाळेत वाचली आहे. तीत घायाळ पक्षिणी मरता मरता आपल्या पिलांपाशी पोहोचते. ती वाचून डोळे पुसणारे आम्हीच घरी पिंजरा टांगतो.

मोशेच्या आज्ञेत आईला सोडून पिले घेण्याची मुभा आहे, हे आम्ही लपवीत नाही. एका सुज्ञ बंधूने आम्हांस हे दाखवून दिलेच. आमचे उत्तर असे की, ती मुभा पोटासाठी होती असे आम्हांस दिसते, आणि तेथेही देवाने हात अर्ध्यावर अडविला. आमच्या गावांत राघूचे पिलू कोणी भुकेने काढीत नाही. शिवाय आता देशाचा कायदा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने रानपाखरांस संरक्षण दिले. १९९०-९१ पासून देशी पाखरांच्या व्यापारास बंदी झाली. आणि २०२२ साली तो कायदा सुधारण्यात आला तेव्हाही राघूचे संरक्षण कायम राहिले. राघू धरणे, विकणे, विकत घेणे व घरी पाळणे हा गुन्हा आहे. दुकानात जी परदेशी रंगीत पाखरे मिळतात त्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून राघूचा पिंजरा झाकता येणार नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाखरे धरण्याचा विषय निघाला की गावातील लोक लागलीच पारध्यांचे नाव घेतात. १८७१ च्या कायद्याने परकीय सरकारने जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरविल्या. तो कायदा १९५२ साली गेला, पण लोकांच्या जिभेवरून तो अजून गेलेला नाही. आम्ही कोणत्याही जमातीवर हा दोष ठेवीत नाही. ज्याच्या घरी चूल पेटविण्यास दुसरे साधन नाही, तो ढोलीत हात घालतो तो आमच्यासाठी घालतो. आमच्या ओसरीवर पिंजरा नसता तर बाजारात टोपली आली नसती. आणि त्या टोपलीत जी पिले आपण पाहतो, ती वाटेत गुदमरून व उपाशी मेलेल्या पिलांतून उरलेली असतात.

आठ दिवसांनी आम्ही त्या घरी पुन्हा गेलो. दोहोंपैकी एक पिलू तोवर मेले होते. मुलाचा ताप उतरला होता व तो पिंजऱ्याकडे पाठ करून बसला होता. आम्ही बापास सर्व सांगितले, आणि मागच्या वेळी गप्प राहिलो हेही सांगितले. तो प्रथम भ्यायला, मग रागावला. “पाळकसाहेब, पोरगं मरणाच्या दारात होतं, तवा तुम्हाला पाखरू दिसलं नाही का?” असे तो म्हणाला. ह्या प्रश्नास उत्तर नव्हते, म्हणून आम्ही दिले नाही. मग मुलानेच विचारले की, ह्याला आता सोडून दिले तर हा कोठे जाईल? खरे तर हाच कठीण प्रश्न आहे. पंख कातरलेले, हाताने भरविलेले पिलू अंगणात सोडणे म्हणजे त्यास मांजराच्या पुढ्यात ठेवणे होय. पुष्कळ सज्जन माणसे दयेच्या भरात असे करतात आणि पुण्य केल्याच्या समाधानात झोपी जातात. कातरलेली पिसे गळून नवी येण्यास महिने लागतात. उडण्याचा, चारा शोधण्याचा व थव्यात मिसळण्याचा सराव व्हावा लागतो. म्हणून असे पाखरू वनखात्याच्या स्वाधीन करावे. वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक ह्यासाठीच आहे. आम्ही बापाबरोबर कचेरीत गेलो. जाताना त्याचे हात थरथरत होते. परत येताना पिंजरा रिकामा होता व तो त्याने रस्त्यात भंगारवाल्यास देऊन टाकला. मुलगा दोन दिवस जेवला नाही. ह्या गोष्टीचा शेवट गोड झाला असे आम्ही सांगू शकत नाही.

नोहाची गोष्ट आम्ही त्या मुलास पुढे सांगितली. त्याने कबुतर सोडले, त्याला पाय टेकावयास जागा मिळाली नाही, तेव्हा हात बाहेर काढून त्याने त्याला आत घेतले. पण सात दिवसांनी त्याने ते पुन्हा सोडले, आणि आणखी सात दिवसांनी सोडले तेव्हा ते परत आले नाही. परत न आलेले ते कबुतर पृथ्वी कोरडी होत असल्याची खूण होते. त्याच तारवातून उतरल्यावर देवाने जो करार केला, त्यात पाखरांचेही नाव आहे. उत्पत्तीचा नववा अध्याय, दहावे वचन पाहावे.

येथवर वाचून आमचे शेतकरी बांधव अस्वस्थ झाले असतील. ते म्हणतील, पाळकसाहेबांना राघूचा पुळका आला आहे, पण त्यांच्या दाण्यावर कधी थवा उतरलेला नाही. हे खरे आहे. ज्वारीचा दाणा चिकात आला, हुरड्याचे दिवस आले, की राघू शेतावर उतरतात. त्यातही ते जितके खातात त्याहून अधिक नासतात. दोन दाणे टिपून कणीस सोडतात व दुसऱ्यावर जातात. सूर्यफुलाचे, मक्याचे व पेरूच्या बागेचेही तसेच. आणि अलीकडे ह्या दुःखाची धार वाढली आहे. आमच्या दोन्ही जिल्ह्यांत सोयाबीन वाढले व ज्वारी आटली. पूर्वी साऱ्या शिवारात ज्वारी असे तेव्हा पाखरांचा वाटा साऱ्या गावात विभागला जाई. आता ज्याने भाकरीसाठी व कडब्यासाठी एकट्यानेच अर्धा एकर ज्वारी पेरली, त्याच्याच डोक्यावर साऱ्या थव्याचा भार पडतो. आणि तो बहुधा लहान शेतकरी असतो. अशा माणसास देवाची पाखरे म्हणून उपदेश करणे सोपे आहे, पण त्याची भाकर आमच्या ताटातून जात नाही.

म्हणून आम्ही त्यास असे म्हणत नाही की, राखण करू नकोस. माळा बांधावा, गोफण फिरवावी, डबे बडवावे, वाऱ्याने फडफडणाऱ्या चमकदार फिती ताणाव्या आणि त्यांची जागा दर थोड्या दिवसांनी बदलावी, कारण राघू शहाणा आहे व एकाच बुजगावण्यास तो फार दिवस भीत नाही. बी राखावयाची निवडक कणसे असतील तर त्यांवर कापडी पिशव्या बांधाव्या. सर्वांत उत्तम हे की, शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी ठरवून ज्वारी जवळजवळ व एकाच वेळी पेरावी, म्हणजे दाणा एकदम भरतो व नुकसान वाटले जाते. मंडळीतील तरुणांनी विधवांच्या व म्हाताऱ्यांच्या शेतावर पाळीपाळीने राखणीस बसावे. ती उपासना नव्हे असे कोण म्हणेल? परंतु विष घालणे, जाळे लावणे, ढोलीत चिखल कोंबणे किंवा पिले मारणे ह्यास परवानगी नाही, देवाचीही नाही व सरकारचीही नाही. शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचू नका, असे सांगणाऱ्या देवाने निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी पडीत राहिलेल्या शेतातील उरलेसुरले गरिबांनी खावे व त्यांच्या मागून वनपशूंनी खावे, असेही लिहून ठेवले आहे. म्हणजे आपल्या शेतातून काहीतरी जावयाचे आहे, हे त्याने आधीच हिशेबात धरले होते.

ह्याच संबंधाने आमच्या प्रार्थनामंदिराच्या आवारातील कडुनिंबाची हकीकत सांगावयाची आहे. हे झाड फार जुने आहे. त्याची एक बाजू वाळली आहे आणि त्या वाळलेल्या बाजूच्या मोठ्या फांदीत तीन ढोल्या आहेत. एकीत पिंगळा राहतो, उरलेल्या दोहोंत दरवर्षी राघू असतात. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या हमरस्त्याचे रुंदीकरण झाले तेव्हा दुतर्फाची जुनी झाडे गेली. पूर्वी त्या वाटेने सावलीतून जाणारे वाचक ते जाणतात. नवी रोपे लावली म्हणजे झाड परत मिळाले असे आपण समजतो. पण रोपात ढोली नसते. ढोली होण्यास झाड म्हातारे व्हावे लागते, त्याची फांदी मोडावी लागते, ती आतून कुजावी लागते. त्यात माणसाचे सारे आयुष्य निघून जाते. ज्यास आपण वाळलेले, निरुपयोगी झाड म्हणतो, तेच राघूच्या उपयोगाचे असते. म्हणून अलीकडे आमच्या आवारातील झाडावर पाखरांची गर्दी अधिक होते, हे आमच्या डोळ्यांदेखत घडले आहे.

गेल्या माघात वडील मंडळींच्या सभेत असा ठराव आला की, लग्नकार्यासाठी आवारात पत्र्याची शेड घालावी व त्यासाठी निंब तोडावा. विरोध करण्यासारखे काही नव्हते. शेडची गरज खरी आहे. उन्हात पंगती बसतात हे आम्हीही पाहतो. निंबाखालची विष्ठा, कोवळा पाला, अर्धवट खाल्लेले पेरू ह्यांचा केर दर शनिवारी काढावा लागतो, तेही खरे. सर्वांनी होकार दिला. आम्ही स्वतः अध्यक्षस्थानी होतो व लेखणी हाती घेतली होती. तेवढ्यात मागच्या बाजूस बसलेल्या एक वृद्ध विधवा भगिनी उठल्या. ह्या बाईंचे पाऊण एकर रान आहे, त्यात त्या दरवर्षी ज्वारी करतात, आणि दरवर्षी डबा वाजवून वाजवून त्यांचा घसा बसतो. राघूंविरुद्ध तक्रार करण्याचा अधिकार मंडळीत कोणास असेल तर तो ह्यांस. आम्हांस वाटले, आता ह्या ठरावास अनुमोदन देतील.

त्या म्हणाल्या, “पाळकसाहेब, माझी जवारी खातेत, मी त्यांना दगड मारते, शिव्या बी देते. पण आत्ता त्यांच्या पोटी लेकरं हायेत. लेकरावर बसलेल्या बाईला घराबाहेर काढायचं व्हय?” आणि त्या खाली बसल्या.

त्यांस अनुवादाचा बाविसावा अध्याय ठाऊक नव्हता. आम्ही त्यांस नंतर विचारले. मात्र २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागत होते आणि आमच्या गावात एका घागरीसाठी दोन दोन तास रांग लागत होती, तेव्हा ह्याच बाईंनी आपल्या वाट्याच्या पाण्यातून रोज एक परळ भरून त्या निंबाखाली ठेवला होता, हे तेव्हाच्या पुष्कळांस आठवते. त्या वेळी त्यांस कोणी हसलेही होते. आम्ही हसलो होतो की नाही, हे आता आठवत नाही, आणि हे न आठवणेच आम्हांस संशयास्पद वाटते.

सभेत थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग कोषाध्यक्षांनी मुद्दा काढला की, कंत्राटदार चैत्रानंतर दर वाढवील. ते आपल्या जागी बरोबर होते. मंडळीचा पैसा म्हणजे रोजंदारीवर जाणाऱ्या बायाबापड्यांनी थैलीत टाकलेला पैसा. शेवटी असे ठरले की, पिले उडून जाईपर्यंत झाडास हात लावू नये व विषय पुढे ढकलावा. ठराव आम्हीच लिहिला. झाडे तोडण्यास परवानगी लागते, हे त्या वेळी कोणाच्याच ध्यानात नव्हते, आमच्याही नव्हते. ते मागाहून निघाले.

चैत्राच्या दुसऱ्या आठवड्यात उपासना चालू असता एका ढोलीच्या तोंडाशी तीन माना बाहेर आल्या. शब्बाथशाळेची मुले खिडकीकडे पाहू लागली व आम्ही उपदेश करीत होतो तो कोणी ऐकेना. पाठीवर थोपटून घेण्यासाठी राघूस प्रभूचे नाव शिकविणारा तो नऊ वर्षांचा मुलगा आम्हांस आठवला, आणि आम्ही उपदेश आवरता घेतला. पुढच्या रविवारी ढोली रिकामी होती. त्या भगिनींनी आम्हांस मुद्दाम बाजूस घेऊन सांगितले की, थवा आता त्यांच्याच बांधावरच्या बाभळीवर बसू लागला आहे, आणि ह्या वर्षी राखणीस कोणी पोरगा पाठवता येईल का ते पाहा. तापातून उठलेल्या त्या मुलाचे नाव आम्ही यादीत पहिले लिहिले आहे. त्याच्या बापाने अजून होकार दिलेला नाही.

निंब उभा आहे. शेडचा विषय येत्या सभेत पुन्हा निघणार आहे. शेड झाडाच्या पश्चिमेस घातली तर वाळलेली फांदी न तोडता पत्रे बसतात, असे एका सुतार बंधूने दोरी धरून दाखविले आहे. खर्च थोडा वाढेल. ज्या मंडळ्यांच्या आवारात अशी जुनी झाडे आहेत, त्यांनी आपल्याकडे काय केले, ते आम्हांस पत्राने कळवावे.